वाट शोधणारे मूल : मोकळा वेळ, खेळ आणि स्थलस्मृती

(देणगीदार व हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कामाचा आढावा आणि जमाखर्चाचा तपशील या अहवालाच्या अन्य पानांवर दिलेला असल्याने त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. आजचा वेळ आम्ही एका निराळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. मुले आपला मोकळा वेळ कशात घालवतात आणि त्याचा त्यांच्या स्थलस्मृतीशी, म्हणजे जागा, दिशा व वाटा लक्षात ठेवण्याच्या शक्तीशी, काय संबंध आहे, हा तो विषय होय.

खाटा, औषधसाठा आणि देयके यांचा हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयाने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण संस्थेच्या आवाराशी निगडित आहे. मुख्य इमारतीच्या मागे सुमारे दहा गुंठे मोकळी जागा आहे. तेथे सशुल्क वाहनतळ करावा, असा एक प्रस्ताव आहे. ती जागा बालरुग्णांसाठी, त्यांच्या भावंडांसाठी आणि परिसरातील मुलांसाठी खेळायला राखून ठेवावी, असा दुसरा प्रस्ताव आहे. विश्वस्त मंडळ आपल्या पुढील बैठकीत यावर निर्णय घेणार आहे. आम्ही दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूने आहोत. तसे का, हे आपल्यासमोर सविस्तर मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, कारण यात आपण दिलेल्या पैशाचा आणि संस्थेला मिळू शकणाऱ्या उत्पन्नाचा प्रश्न आहे.

प्रथम मेंदूविषयी थोडेसे. आपल्या कानशिलांच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत, हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला हे ग्रीक नाव मिळाले. प्राण्यांच्या डोक्यात परिसराचा एक नकाशा तयार होत असावा, असा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मांडला. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी आढळल्या, ज्या उंदीर एका ठराविक जागी आला की जागृत होत. २००५ साली नॉर्वेमध्ये मे-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांनी शेजारच्याच भागात दुसऱ्या प्रकारच्या पेशी शोधल्या. आलेख-कागदावरील चौकटींप्रमाणे या पेशी जागेचे नियमित मोजमाप ठेवतात. या तिघांना २०१४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. डोक्यातील नकाशा ही केवळ कल्पना नसून त्याला शरीरात आधार आहे, हे या शोधांनी दाखवून दिले.

हाच भाग घडलेल्या प्रसंगांची आठवण साठविण्याचेही काम करतो. काल काय घडले आणि ते कोठे घडले, या दोन्ही नोंदी जणू एकाच खातेवहीत होतात. म्हणूनच वाट सापडणे ही गोष्ट केवळ प्रवासापुरती मर्यादित राहात नाही. ती स्मरणशक्तीच्या आरोग्याशी जोडलेली आहे, आणि त्यामुळे रुग्णालयाच्या कक्षेत येते.

आता प्रश्न असा की, ही शक्ती जन्मतः मिळते तेवढीच राहते की वापराने वाढते? याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिले आहे. तेथे परवाना मिळविण्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात, आणि या तयारीत सर्वसाधारणपणे तीन ते चार वर्षे जातात. एलेनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा १६ चालकांच्या मेंदूंचे चित्रण केले, तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. मुळातच तसा मेंदू असलेले लोक या व्यवसायात येत असतील, ही शंका रास्त होती. ती दूर करण्यासाठी कॅथरिन वुलेट व मॅग्वायर यांनी ७९ उमेदवारांना प्रशिक्षणाच्या आरंभी व वर्षांनंतर पुन्हा तपासले. त्यांचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. आरंभी सर्वजण सारखेच होते. जे ३९ उमेदवार परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांच्यातच ही वाढ दिसून आली. २००६ साली लंडनच्या बसचालकांशीही तुलना करण्यात आली होती. बसचालकही तितकेच तास वाहन चालवितात, परंतु त्यांचा मार्ग ठरलेला असतो. त्यांच्यात तशी वाढ आढळली नव्हती.

ही तुलना आम्हांस फार महत्त्वाची वाटते. किती फिरले यापेक्षा वाट कोणी निवडली, हा मुद्दा येथे निर्णायक ठरतो. आजच्या शहरी मुलाची दिनचर्या या दृष्टीने पाहावी. घरातून रिक्षाने शाळेत, शाळेतून व्हॅनने शिकवणीला, शिकवणीहून स्कूटरच्या मागे बसून घरी. ते मूल रोज कितीतरी किलोमीटर फिरते, पण एकाही वळणावर कोठे वळायचे हे त्याला ठरवावे लागत नाही. वयाच्या मानाने त्याचा प्रवास मोठा आहे आणि वाट शोधण्याचा सराव मात्र शून्य आहे.

स्वतः हालचाल करणे आणि नेले जाणे यांतील फरक १९६३ सालच्या एका प्रयोगात स्पष्ट झाला. रिचर्ड हेल्ड व अ‍ॅलन हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अंधारात वाढविलेल्या मांजरीच्या पिल्लांच्या जोड्या घेतल्या. जोडीतील एक पिल्लू फिरत्या यंत्राला जोडून चालू दिले जाई. दुसरे त्याच यंत्राच्या दुसऱ्या टोकाच्या पाळण्यात बसून तेवढेच फिरे व तेच दृश्य पाही. चालणाऱ्या पिल्लांना खोली व अंतर यांचा अंदाज आला. पाळण्यातील पिल्लांना तो आला नाही. दिलासा देणारी गोष्ट अशी की, या पिल्लांना उजेडात मोकळे सोडल्यावर दोन दिवसांतच त्यांची उणीव भरून निघाली. मूल म्हणजे मांजरीचे पिल्लू नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही खिडकीतून पाहिलेला रस्ता आणि पायांनी चाललेला रस्ता यांत काय अंतर असते, हे समजण्यास हा प्रयोग उपयोगी पडतो.

मुलांच्या मोकळ्या वेळाचा थेट अभ्यासही झालेला आहे. रूथ व रॉबर्ट मन्रो आणि त्यांच्या सहकारी सारा नर्लव्ह यांनी केनियातील लोगोली आणि गुसी या समाजांतील लहान मुलांचे निरीक्षण केले. हे अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाले. मोकळ्या वेळात मूल घरापासून किती अंतरावर आढळते, याची नोंद करून नंतर त्याला ठोकळ्यांच्या रचना किंवा आकृती पाहून तशाच करावयास सांगण्यात आले. घरापासून अधिक दूर खेळणारी मुले या कामात सरस ठरली. रोम शहरात अँतोनेल्ला रिस्सोत्तो व फ्रान्चेस्को तोनुच्ची यांनी आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना घर ते शाळा हा मार्ग आणि आपल्या वस्तीचा नकाशा काढावयास सांगितले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकटी शाळेत जाणारी मुले सोबतीने जाणाऱ्या मुलांपेक्षा चांगले नकाशे काढतात असे दिसले. याच तोनुच्ची यांनी १९९१ साली इटलीतील फानो या शहरात मुलांना डोळ्यांसमोर ठेवून नगररचनेचा उपक्रम सुरू केला होता.

घरातील बैठ्या खेळांचेही यात स्थान आहे. शिकागो येथे सुसान लेव्हिन व सहकाऱ्यांनी ५३ बालकांना दोन ते चार वर्षांच्या वयात घरी खेळताना पाहिले. जी बालके चित्रांचे तुकडे जुळविण्याचा खेळ खेळत, ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकृती मनातल्या मनात फिरविण्याच्या चाचणीत पुढे होती. हा अभ्यास २०१२ चा आहे. २०१५ साली जेमी जिरू व नोरा न्यूकोम यांनी चार ते सात वर्षांच्या ८४७ अमेरिकन मुलांची माहिती तपासली, तेव्हा ठोकळे, तुकडे जुळविणे व पटावरचे खेळ वारंवार खेळणारी मुले अशाच प्रकारच्या चाचणीत वरचढ ठरली. अशा अभ्यासांतून कारण आणि परिणाम पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत, कारण ज्याला हे जमते त्याला ते आवडते हेही खरेच आहे. परंतु निरनिराळ्या देशांतील पुरावे एकाच दिशेने बोट दाखवितात, तेव्हा त्याची दखल घेणे शहाणपणाचे ठरते.

आपण कोठे वाढलो याचाही परिणाम दूरवर टिकतो. लंडनचे ह्यूगो स्पायर्स, फ्रान्सचे अंतोआन कुत्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नावाड्याच्या भूमिकेत वाट शोधण्याचा एक मोबाइल खेळ तयार करून त्याद्वारे जगभरातील लोकांची चाचणी घेतली. २०२२ साली त्यांनी ३८ देशांतील ३,९७,१६२ व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली. शहराबाहेर वाढलेल्या व्यक्ती वाट शोधण्यात सरासरीने अधिक चांगल्या निघाल्या. शहरांतही, शिकागोसारख्या सरळ काटकोनी रस्त्यांच्या शहरात वाढलेल्यांपेक्षा प्रागसारख्या वळणावळणाच्या जुन्या शहरात वाढलेल्यांची कामगिरी चांगली होती. आमच्या इमारतीतही याचा प्रत्यय येतो. केसपेपरच्या खिडकीपासून सोनोग्राफीच्या खोलीपर्यंतची वाट खेड्यातून आलेला आठ-दहा वर्षांचा नातू एकदा पाहून लक्षात ठेवतो आणि आजीचा हात धरून तिला परत आणतो, असे आमचे कर्मचारी नेहमी सांगतात.

आपल्या भाषेनेही या शक्तीची जोपासना केली आहे. गावाकडे आजही घराचा पत्ता सांगताना वरची आळी, खालची आळी, उगवतीचा अंग, मावळतीचा अंग असे शब्द येतात. डावे-उजवे हे बोलणाऱ्याबरोबर फिरते, उगवत-मावळत मात्र स्थिर असते. स्वित्झर्लंडचे पिअर दासेन व वाराणसीचे रमेश मिश्र यांनी भारत, नेपाळ व बाली येथील मुलांवर केलेले काम २०१० साली ग्रंथरूपाने आले. वाराणसीतील परंपरागत संस्कृत पाठशाळांत शिकणारी मुले वस्तूंची मांडणी लक्षात ठेवताना दिशांचा आधार मोठ्या प्रमाणात घेतात, असे त्यांना आढळले. पाठशाळेच्या नित्य आचारात दिशांना स्थान असते, त्यामुळे मुलांना ही सवय सहज लागते. 'तांब्या पूर्वेच्या कोनाड्यात ठेव' असे सांगणारी आजी नकळत भूगोलाचाच धडा देत असे.

आणि आपले खेळ! डबा ऐसपैस किंवा लपंडाव खेळताना कोणत्या बोळातून निघून कोणत्या परसात पोहोचता येते, डाव असलेला गडी या घटकेला कोठे असेल, हे सतत मनात मांडावे लागते. आट्यापाट्यांत पाट्यांची चौकट डोळ्यांसमोर ठेवून मार्ग काढावा लागतो. सूरपारंब्यांत झाडाची प्रत्येक फांदी ही एक वाट असते. भोंडल्याच्या दिवसांत मुली एका घरून दुसऱ्या घरी जात आणि सारी आळी त्यांच्या पायाखालची होई. दिवाळीतील मातीचा किल्ला तर या दृष्टीने सर्वांगसुंदर उपक्रम होय. डोंगर कोठे, तटबंदी कोठून वळवावी, बुरूज किती अंतरावर असावेत, पायथ्याच्या गावातून वर जाणारी वाट कशी न्यावी, हे सर्व मुलांना वरून पाहून ठरवावे लागते आणि हाताने साकारावे लागते. ज्या मुलाने अंगणात राजगड केला, पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला आपल्या हाताने मांडला, ते प्रत्यक्ष गडावर गेले की वडिलांना वाट दाखवू लागते. कागदावरचा नकाशा आणि पायाखालची जमीन यांची सांगड घालण्याचे याहून चांगले शिक्षण आम्हांस ठाऊक नाही.

मग हा मोकळेपणा कमी का झाला? इंग्लंडमध्ये मेयर हिलमन व सहकाऱ्यांनी यावर केलेला अभ्यास १९९० साली आला. सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी मोठ्यांविना शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण १९७१ साली ८० टक्के होते. १९९० साली ते ९ टक्क्यांवर आले होते, आणि पालकांनी सांगितलेले प्रमुख कारण रहदारी हे होते. आपल्याकडेही पालकांची भीती निराधार नाही. भरधाव वाहने, पदपथांचा अभाव, अनोळखी माणसांची धास्ती, या साऱ्यांची झळ कशी लागते हे आमच्या अपघात विभागाइतके कोणाला ठाऊक असणार? 'मुलांना खुशाल रस्त्यावर सोडा' असे रुग्णालयाच्या व्यासपीठावरून कोणी म्हणू शकणार नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ते एवढेच की, रस्ता असुरक्षित झाला म्हणून मुलांच्या वाट्याची जागा काढून घेतली, तर तिच्या बदल्यात दुसरी सुरक्षित जागा देणे हे मोठ्यांचे देणे लागते.

मुलींच्या बाबतीत हे देणे अधिकच थकलेले आहे. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिचे अंगण लहान होऊ लागते. मुलींना दिशांचे ज्ञान कमीच, असे सहजपणे बोलले जाते. वर उल्लेखिलेल्या संशोधकांनीच २०१८ साली ५७ देशांतील साडेपाच लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती मांडली. ज्या देशांत स्त्री-पुरुष समानता अधिक, तेथे वाट शोधण्यातील स्त्री-पुरुषांमधला फरक कमी, असे तीत दिसून आले. ज्या गोष्टीचे खापर आपण निसर्गावर फोडतो, तिच्यातील बराच वाटा आपण घालून दिलेल्या मर्यादांचा असू शकतो, याचा विचार प्रत्येक घराने करावा, ही विनंती.

येथे एका उदार प्रस्तावाचा कृतज्ञतापूर्वक उल्लेख केला पाहिजे. एका देणगीदारांनी बालरुग्ण विभागातील मुलांचा वेळ जावा म्हणून टॅब्लेट संगणक देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. पडद्यावरील सर्वच खेळ निरुपयोगी आहेत, असे आम्ही मानत नाही. २०१५ साली अमेरिकेत ग्रेगरी क्लेमेन्सन व क्रेग स्टार्क यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन आठवडे खेळ खेळावयास दिले. ज्या खेळात विस्तीर्ण त्रिमितीय प्रदेशात हिंडावे लागते, तो खेळणाऱ्यांची स्मृती-चाचणीतील कामगिरी सुधारली. सपाट, साध्या खेळाने तसे झाले नाही. म्हणजे येथेही मुद्दा वाट शोधण्याचाच आहे. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या किंवा खाटेवरून उठता न येणाऱ्या मुलासाठी टॅब्लेट हे वरदान ठरेल, आणि तेवढ्यापुरते ते आम्ही आनंदाने स्वीकारू. परंतु ज्याला चालता येते, त्याने चालावे. म्हणून आम्ही त्या देणगीदारांना अशी विनंती केली आहे की, देणगीचा काही भाग ठोकळे, चित्रांचे तुकडे आणि मागील आवाराच्या कामासाठी वापरण्यास अनुमती द्यावी. त्यांनी ती विनंती विचारार्थ स्वीकारली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

मोठ्यांच्या बाबतीतही हा नियम सुटत नाही. कॅनडातील लुईझा दहमानी व व्हेरोनिक बोबो यांनी ५० वाहनचालकांची चाचणी घेतली. वाट दाखविणाऱ्या यंत्रावर ज्यांची भिस्त अधिक, त्यांची स्थलस्मृती दुबळी आढळली. तीन वर्षांनी यांपैकी १३ जणांना पुन्हा तपासले, तेव्हा यंत्र अधिक वापरणाऱ्यांची घसरण अधिक झाली होती. हा अभ्यास २०२० चा आहे. मोबाइलमधील नकाशा ही मोठी सोय आहे आणि रुग्णवाहिकेसाठी आम्हीही ती वापरतो. पण ओळखीच्या वाटेवरही मुलासमोर आपण यंत्रालाच विचारत राहिलो, तर मूल तेच शिकेल.

या विषयाचे दुसरे टोक आमच्या वृद्ध रुग्णांपाशी आहे. अल्झायमर या आजारात मेंदूच्या ज्या भागाला आरंभी इजा पोहोचते, तो हिप्पोकॅम्पसला लागून असलेला, मोझर दांपत्याने शोधलेल्या पेशींचाच भाग आहे. त्यामुळे ओळखीच्या रस्त्यावर चुकणे हे या आजाराचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. येथे उपस्थित असलेल्या काही कुटुंबांनी ही व्यथा सोसली आहे. रोजच्या देवळातून घरी परतायला वडिलांना उशीर का होतो, हे त्यांना प्रथम कळले नव्हते. असे घडू लागल्यास 'वय झाले' म्हणून दुर्लक्ष न करता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०२४ साली ब्रिटनच्या एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील सुमारे ९० लाख मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४४३ व्यवसायांची तुलना करता, टॅक्सीचालक व रुग्णवाहिका चालक यांच्यात अल्झायमरने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत कमी आढळले. बसचालक व वैमानिक यांच्यात तसे नव्हते. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असे संशोधकांनीच बजावले आहे. बालपणी लपंडाव खेळला म्हणून म्हातारपणी आजार होणार नाही, असे आश्वासन आम्ही कोणालाही देणार नाही. पण वाट शोधण्याची सवय ही लहानपणापासून ठेवावी अशी ठेव आहे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

पालकांना आजपासून काय करता येईल? मूल पाच-सहा वर्षांचे झाले की, बाजारातून परतताना त्याला पुढे चालू द्यावे आणि कोठे वळायचे ते त्याला सांगू द्यावे. त्याने चुकीचे वळण घेतले, तर लगेच न टोकता थोडे अंतर त्याच्या मागून जावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपल्या आळीचा नकाशा काढावयास सांगावा. मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही अशा दुकानात त्याला, आणि तिलाही, एकट्याने पाठवावे. प्रवासाला निघताना सूर्य कोणत्या खिडकीतून दिसेल, ते विचारावे. दिवाळीत तयार किल्ला विकत न आणता माती आणून द्यावी. आणि दररोज थोडा तरी वेळ असा असावा, ज्यात काय करायचे हे मूल ठरवील. या कशालाही विशेष खर्च येत नाही. लागतो तो फक्त मोठ्यांचा धीर.

शेवटी आमचा प्रस्ताव. मागील दहा गुंठ्यांत तयार घसरगुंड्या व पाळणे बसविण्याचा आमचा विचार नाही. आहेत ती कडुनिंबाची व चिंचेची झाडे राहतील. त्यांच्यामधून वळणावळणाच्या पायवाटा निघतील, त्यांतील काही एकमेकींना मिळतील व काही कुंपणाशी संपतील. एका कोपऱ्यात किल्ला करण्यासाठी मातीचा ढीग राहील. चाकाच्या खुर्चीतील मुलालाही जाता येईल अशी एक फरसबंद वाट असेल. भिंतीवर संपूर्ण आवाराचा मोठा नकाशा रंगविण्यात येईल. कुंपण पक्के असेल आणि भेटीच्या वेळेत एक परिचारिका तेथे उपस्थित राहील. संध्याकाळचे दोन तास ही जागा परिसरातील मुला-मुलींना खुली राहील.

वाहनतळाचे उत्पन्न यामुळे बुडेल आणि भेटीस येणाऱ्यांना वाहन थोडे दूर लावावे लागेल, ही गैरसोय आम्ही लपवू इच्छित नाही. वाणिज्य शाखेचा संस्कार असलेल्या प्रशासनाला येणे सोडून देणे सोपे वाटत नाही. पण वाहनतळासाठी गावात इतरत्र जागा मिळू शकते आणि तसे प्रयत्न आम्ही सुरू केले आहेत. मुलांसाठी भिंतीच्या आत, रहदारीपासून दूर, झाडांच्या सावलीत दुसरी जागा या परिसरात उरलेली नाही. आपल्या संस्थेच्या घटनेत आजार बरे करण्याबरोबरच आरोग्याचे संवर्धन हाही हेतू नमूद आहे, आणि हा खर्च त्या हेतूला धरूनच आहे, अशी आमची धारणा आहे.

विश्वस्त मंडळाचा जो निर्णय होईल तो आम्ही शिरोधार्य मानू. आपली मते, अनुकूल असोत वा प्रतिकूल, आपण लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावीत, म्हणजे ती बैठकीपुढे ठेवता येतील. ज्या हितचिंतकांना श्रमदानाने सहभागी व्हायचे आहे, त्यांचेही स्वागत आहे. माती वाहण्यास माणसे लागतीलच.